हाक मारा, येतो

त्याला सगळे पाना म्हणत. गॅरेजात लागला त्या पहिल्याच वर्षी हे नाव चिकटलं आणि पुढे खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही. गाड्यांच्या धंद्यात दहा नंबरचा पाना ही वस्तू हरवण्यासाठीच जन्माला येते. सकाळी हातात असते, दुपारी नसते, आणि मग सगळं गॅरेज एकमेकांच्या खिशांकडे संशयाने बघत बसतं. याचा पाना मात्र शर्टाच्या वरच्या खिशात असायचा म्हणजे असायचाच. मुलीच्या लग्नातही नव्याकोऱ्या शर्टाच्या खिशातून त्याचं टोक डोकावत होतं आणि बायकोने चारचौघांत डोळे वटारूनही ते आत गेलं नव्हतं.

घरात त्याला ‘अहो’ म्हणणारी ती एकटीच. ती गेली. पाठोपाठ मालकाने गॅरेज विकलं, तिथे फर्निचरचं दुकान आलं. मुलगी लांबच्या शहरात. रविवारी तिचा फोन यायचा, ‘बाबा, जेवलात का?’ असं ती विचारायची, आणि हा ‘हो’ म्हणेपर्यंत मागे पोरांची मारामारी जुंपून फोन आटपता घ्यावा लागायचा. तिची चूक नव्हती. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, हे पानाच्या मनाला लागायचं. लागतंय हे कबूल करायला अर्थातच तो तयार नव्हता.

अशा रिकाम्या दिवसांत त्याने टोइंगचा धंदा काढला. भंगारवाल्याकडे एक जुना पिकअप पडून होता, पाठीवर छोटी क्रेन बसवलेला. बंद गाडीची पुढची चाकं उचलायची आणि तिला मागे घेऊन निघायचं, एवढंच त्याचं काम. पानाने मरमर मरून तो चालता केला आणि रंगाऱ्याकडे नेला. दारावर काय लिहायचं, असं रंगाऱ्याने विचारलं. बाकीचे सगळे ‘चोवीस तास सेवा’ लिहितात म्हणाला. पानाने थोडा विचार करून सांगितलं, ‘हाक मारा, येतो’ असं लिही. रंगारी हसला. काका, हे गाडी ओढणाऱ्याचं वाटत नाही, नवसाला पावणाऱ्या देवाचं वाटतं, असं म्हणाला. पण अक्षर मात्र झकास काढून दिलं.

गाड्या कुठे न्यायच्या हा प्रश्न नव्हता. त्याचा जुना जोडीदार चिमणी याने शहराच्या टोकाला स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. चिमणी म्हणजे दारातून आडवा होऊन आत येणारा धिप्पाड माणूस. यावरूनच हे नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीची कल्पना यावी. पानाने गाड्या आणायच्या आणि चिमणीने दुरुस्त करायच्या, असं दोघांचं ठरलं.

सुरुवातीला फोनच येईना. पाना सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, फोन समोर ठेवून बसायचा. एकदा तर फोन बिघडलाय की काय म्हणून त्याने वाण्याच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावून बघितला. वाजला. तेव्हा जरा बरं वाटलं आणि घरी येईस्तोवर जास्तच वाईट वाटलं.

मग एका दुपारी पहिला फोन आला. कुणा माणसाची क्लचची तार तुटली होती. पाना निघाला, आणि वाटेत त्या माणसाचे फोनवर फोन सुरू झाले. कुठवर आलात? पूल ओलांडलात का? आता कुठवर आलात? दुसरा कुणी असता तर वैतागला असता. पानाने मात्र गाडी कडेला घेतली आणि डोळे पुसले. बायको रोज संध्याकाळी असाच फोन करायची. ‘कुठवर आलात?’ एवढंच. तो सांगेल त्या अंदाजाने ती चहा ठेवायची. आणि हा महाभाग दर वेळी खेकसायचा, येतोय ना, उडून येऊ का?

आणखी एक गोष्ट त्याला पुढे हळूहळू कळली. गाडी मागे टांगली, की गाडीचा मालक पुढे येऊन बसतो. बसायला दुसरी जागाच नसते. बाकी कुठे माणूस अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलणार नाही, पण गाडी बंद पडलेला माणूस बोलतो. त्याचा दिवस वाया गेलेला असतो, हात रिकामे असतात, आणि शेजारी सगळं ऐकून घेणारा कुणी असतो. एकाने साहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्याने आपल्या नव्या कवळीचं दुःख सांगितलं, प्रात्यक्षिकासह. एका बाईने सासूची नक्कल अशी करून दाखवली, की हसता हसता पानाच्या हातातलं स्टिअरिंग हललं. गॅरेज आलं की मंडळी उतरायची, चिमणीच्या मागे लागायची आणि पानाकडे वळूनही बघायची नाहीत. पिकअपमध्ये त्यांच्या बोलण्याची ऊब तेवढी राहायची. तीही घराच्या कुलपापर्यंत.

आणि मग त्याने ती चूक केली. हिला चूक म्हणायचं की लबाडी, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

एका गाडीचं बॉनेट उघडलं तर बॅटरीची वायर सैल. बाकी काही नाही. खिशातला पाना काढायचा, नट आवळायचा, की गाडी सुरू. पानाने वायर हलवून बघितली. मालक शेजारी उभा राहून कालपासूनचं सगळं सांगत होता, भला बोलका माणूस. पानाचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने बॉनेट खाली घेतलं आणि म्हणाला, ओढून न्यावी लागेल.

त्या फेरीचे पैसे काही त्याच्याने घेववले नाहीत. नवा धंदा आहे, सवलत आहे, असं काहीतरी पुटपुटला. तर झालं काय, की ज्याला फसवलं तोच माणूस गावभर पानाची स्तुती करत सुटला. असं आणखी काही वेळा झालं. पानाचं नाव झालं, ते त्याने ज्यांना फसवलं त्यांच्या तोंडून.

चिमणीला कळायला वेळ लागला नाही. त्याने एका गाडीचा नट आवळला, हात पुसले, आणि तुझे डोळे गेले की अक्कल गेली, असं विचारलं. पाना म्हणाला, डोळे. चिमणी बराच वेळ त्याच्या खिशातल्या पान्याकडे बघत राहिला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “माणसं हवी असतील तर इथे येऊन बस ना माझ्यापाशी. लोकांना कशाला ओढत फिरतोस?” पानाला राग आला. माणसं कुणाला हवी आहेत, असं म्हणून तो तडक निघाला, आणि आठवडाभर चिमणीशी कामापुरतंच बोलला.

त्या बाईंचा फोन आला तो असाच एका दुपारी. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर गाडी उभी होती. पाना पोचला तर पन्नाशी उलटलेल्या एक बाई गाडीशेजारी ताठ उभ्या, हातात पत्र्याचा एक जुना डबा घट्ट धरलेला. दोन मिनिटं थांबले होते, गाडी बंद केली, आता सुरूच होत नाही, असं त्यांनी सांगितलं. का थांबल्या होत्या ते सांगितलं नाही. पानाने बॉनेट उघडलं. वायर सैल होती. बाईंनी विचारलं, फार मोठं काही आहे का? त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि साखळ्या काढल्या.

बाई पुढे येऊन बसल्या. त्या बोलत नव्हत्या. पानाने हवेचा विषय काढला, रस्त्यांचा काढला, त्यांनी हं म्हटलं आणि बाहेर बघत राहिल्या. बोलायला वेळ लागणारं माणूस दिसतंय, असं पानाने मनाशी ठरवलं आणि मोठा रस्ता सोडून तळ्याच्या बाजूने जाणारा लांबचा रस्ता धरला. तो रस्ता खड्ड्यांचा. गाडी उडायला लागली तशी मांडीवरच्या डब्यात काहीतरी खुळखुळायला लागलं.

पानाने सहज विचारलं, काय आहे त्यात? बटणं आहेत, बाई म्हणाल्या. मग जरा वेळाने त्यांनीच पुढचं सांगितलं. आई शिवणकाम करायची. धाकटी बहीण लहानपणी तासन् तास या डब्याशी खेळायची, बटणांची लग्नं लावायची. तिला द्यायचाय.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी तो घाईघाईने उचलला. पानाला एकच बाजू ऐकू येत होती. “अगं, गाडी बंद पडली म्हणून... नाही गं. खरंच बंद पडली. ओढून नेतायत ती... असं काय बोलतेस? मी निघाले होते. अगं, ऐक तर...” मग त्यांनी फोन कानापासून बाजूला घेतला. तिकडून तो कट झाला होता.

इतका वेळ जे बोलल्या नव्हत्या ते त्या आता बोलल्या, तेही समोरच्या काचेकडे बघत. आई आजारी होती तेव्हा धाकटी परगावी होती. थोरलीला वाटलं, आई बरी होईल, उगाच तिला कशाला घाबरवायचं, उद्या कळवू. तो उद्या आईने बघितलाच नाही. धाकटी आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर आजवर तिने आईच्या घरात पाऊल टाकलेलं नाही की बहिणीशी धड बोललेली नाही. आता ती सासरच्या कामासाठी इकडे येऊन त्यांच्या जुन्या घरात उतरली होती, आणि किती मनधरण्या केल्यावर भेटायला तयार झाली होती. संध्याकाळची बस आहे म्हणाली, ती निघायच्या आत ये. रस्त्यात बाई थांबल्या होत्या त्या कशासाठी, तर दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवायला.

“गाडी बंद पडली म्हटलं, तर तिला तो बहाणाच वाटला,” बाई म्हणाल्या. “तुझ्याकडे कारणं नेहमी तयार असतात, म्हणाली.” मग त्यांनी विचारलं, या रस्त्याला टॅक्सी मिळेल का हो?

मोठ्या रस्त्याला मिळाली असती. या रस्त्याला कुत्रं फिरकत नव्हतं, आणि म्हणूनच तर पानाने तो धरला होता. बहीण उतरली होती ते घर मागे, चिमणीचं गॅरेज पुढे, आणि हा प्रत्येक वळणाला बाईंना उलट्या दिशेने लांब नेत होता. थोडं अंतर तो तसाच पुढे गेला, हेही सांगायला हवं. नुसत्या भीतीने गेला.

मग त्याने पिकअप थांबवला. एकदा बघतो पुन्हा, असं म्हणून उतरला, गाडी खाली घेतली, साखळ्या सोडल्या, बॉनेट उघडलं. खिशातून पाना काढला. नट आवळायला काही वेळ लागत नाही. बाईंना त्यांच्या गाडीत बसवून म्हणाला, चावी मारा आता. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

बाईंचा चेहरा असा उजळला, की पानाला तो बघवेना. त्या उतरल्या आणि चक्क हात जोडले. तुम्ही देवासारखे भेटलात, म्हणाल्या. अजून पोचेन मी. हे उपकार विसरणार नाही. पानाने तोंड बंद ठेवलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. एरवी मिटवलाही असता त्याने. पण ते जोडलेले हात त्याला सोसले नाहीत.

“मला आधीच माहीत होतं,” तो म्हणाला.

बाईंना कळलं नाही. काय माहीत होतं?

“वायर सैल आहे ते. तिथेच, बॉनेट उघडलं तेव्हाच.”

“मग ओढून का आणलीत?”

पानाने खाली बघितलं. “सोबत हवी होती,” तो म्हणाला. “घरी बोलायला कुणी नाही.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे ती म्हणाली तेच खरं. गाडीला काही झालंच नव्हतं.” आणि गाडीत जाऊन बसल्या. डबा शेजारच्या सीटवर ठेवला, तो पडू नये म्हणून पट्टा त्याच्याभोवती घेतला. तेवढ्या वेळात पाना खिडकीपाशी आला, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, “पोचल्यावर फोन करा.”

बोलल्यावर त्याचीच त्याला लाज वाटली. बाईंनी गिअर टाकला. गाडी वळली आणि खड्ड्यांतून आदळत गेली.

पाना तिथेच थांबला. जायचं कुठे होतं? साखळ्या गुंडाळल्या, परत सोडल्या, पुन्हा नीट गुंडाळल्या. दारावरची अक्षरं उन्हात चमकत होती, ती दिसू नयेत म्हणून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. मध्ये एक फोन आला, कुणाचीतरी गाडी पाण्याच्या टाकीपाशी अडली होती. पानाने त्या माणसाला दुसऱ्या टोइंगवाल्याचा नंबर दिला. बाई आता कुठवर पोचल्या असतील, हे तो मनात मोजत होता. तळं संपलं असेल. मोठा रस्ता लागला असेल. पूल आला असेल. बायको त्याच्या वाटेकडे डोळे लावून हेच करत असणार, रोज, इतकी वर्षं, हे त्याच्या आज ध्यानात आलं. ऊन उतरलं. तळ्याचं पाणी राखाडी झालं. बस गेली असेल की असेल अजून? त्याला माहीत नव्हतं.

फोन वाजला तेव्हा त्याने नंबर ओळखला.

“पोचले,” बाई म्हणाल्या.

किती दिवसांनी त्याच्या कानावर हा शब्द पडला होता. पण पुढचं विचारायचा धीर होईना. बाईंनी आपणच सांगितलं. कुलूप होतं. शेजारी म्हणाले, बराच वेळ दारात उभी राहून वाट बघत होती, आत्ताच गेली. फोन लावला तर उचलत नव्हती. डबा शेजाऱ्यांकडे ठेवायचा विचार आला, पण त्यांना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून परत गाडीत ठेवला.

“माझ्यामुळे झालं,” पाना म्हणाला.

“हो,” बाई म्हणाल्या. लपवालपवी नव्हती त्यांच्यात. मग त्या म्हणाल्या, “तुम्हाला कशाला फोन केला, मलाच कळत नाही. रागच आहे मला तुमचा. पण पोचले हे कुणालातरी सांगावंसं वाटलं. आई गेल्यापासून, पोचल्यावर फोन कर, असं मला कुणी म्हटलं नव्हतं.”

मी बोलू का तुमच्या बहिणीशी, तिला सगळं सांगतो, असं तो कसंबसं म्हणाला. बाई म्हणाल्या, तिला तो माझा आणखी एक बहाणा वाटेल. मग विचारलं, तुम्ही पोचलात का घरी?

हो म्हणणं सोपं होतं. “नाही,” तो म्हणाला. “इथेच आहे अजून. तळ्यापाशी.”

“जा आता,” बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

तो गेला. लांबच्याच रस्त्याने जावं लागलं, कारण तो त्याच रस्त्यावर उभा होता. शेजारची सीट रिकामी होती आणि खड्ड्यांत तिची स्प्रिंग कुरकुरत होती. इतके दिवस तिथे कुणी ना कुणी बसलेलं असायचं, म्हणून ती कुरकुरते हे त्याला कधी कळलं नव्हतं. घराशी पिकअप लावला, कुलूप काढलं, दिवा लावला. स्वयंपाकघरात जाऊन एक कप चहा ठेवला. आधण आलं तरी तो तिथेच, हातात फोन धरून उभा होता. बाईंचा नंबर वरच होता. बोट लावायचा अवकाश, आणि तिकडे घंटी वाजली असती.

पोचलो, हे सांगायला बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे एक नंबर होता. आणि तोच लावायचं त्याला तोंड नव्हतं. त्याने फोन ओट्यावर पालथा ठेवला, खिशातला पाना काढून त्याच्या शेजारी ठेवला, आणि चहा उतू जायच्या आत गॅस बंद केला.